वाट पाहणं ऐकणारी टोपी

हलू नका. जबडा सैल सोडा, कपाळावरच्या आठ्या जरा खाली आणा. तुम्ही दात आवळलेत की मला आतलं काहीच ऐकू येत नाही, नुसती खडी फोडल्यासारखी खडखड. हां, असं. आता ठीक आहे.

मी तुमच्या डोक्यावरची टोपी बोलतेय. उन्हासाठी नाही, थंडीसाठी नाही, रुबाबासाठी तर मुळीच नाही. मला घालून आरशात पाहणारा प्रत्येक जण आधी हसतो. माझ्या अंगभर बटणाएवढ्या चकत्या शिवल्या आहेत. प्रत्येकीतून एक बारीक वायर निघते आणि सगळ्या वायरी मागे वेणीसारख्या एकत्र होऊन यंत्राकडे जातात. या चकत्या म्हणजे माझे कान. मेंदूत वीज खेळत असते, अगदी इवलीशी. ती मी कवटीच्या बाहेरून ऐकते.

विचार मला ऐकू येत नाहीत. हे आधीच सांगते, कारण माझ्याखाली बसलेला प्रत्येक माणूस हाच प्रश्न विचारतो, आणि विचारताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. तुमची गुपितं तुमच्यापाशीच राहू द्या. मला एवढंच कळतं, की समोर काही दिसलं तेव्हा आतलं माणूस दचकलं, की माहीत आहे म्हणून गप्प बसलं, की पुढच्याची वाट पाहत राहिलं.

पण एवढ्याशा कळण्यावर आम्ही एक बाई परत मिळवली. चकत्यांखाली लावलेलं गार, चिकट जेल बसायला थोडा वेळ लागतोच, तेवढ्यात ती गोष्ट सांगते.

माझा जन्म इथून फार लांबच्या एका शहरात झाला. पोहायच्या टोप्यांना लागतं तसं ताणणारं कापड, आणि त्यावर मोजून मापून कान शिवणाऱ्या बायका. माझे कान जिने शिवले ती शिवताना दोरा दातांनी तोडायची, आणि तसं करू नका म्हणून तिला रोज बोलणी बसायची. तयार झाल्यावर मला प्लास्टरच्या एका डोक्यावर चढवून ठेवलं. ते डोकं अगदी शांत होतं. मला वाटलं, सगळी डोकी अशीच असतात.

पहिलं जिवंत डोकं मिळालं ते विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याचं. त्याला सर्दी झाली होती, तो दर मिनिटाला शिंकायचा, आणि प्रत्येक शिंकेला माझे सगळे कान एकदम बधिर व्हायचे. तरीही मी थक्क झाले. आत काय गजबज होती. बंद दरवाजाआड भरलेला बाजार असावा तशी.

त्या विद्यापीठातल्या एका अंधाऱ्या खोलीत माझं तारुण्य गेलं. समोर एक पडदा असायचा, त्यावर चित्रं यायची: खुर्ची, घर, अनोळखी माणसाचा चेहरा, जिना. मी ऐकायचे. हळूहळू मला माणसाच्या डोक्याची सवय कळत गेली.

एखादं चित्र पहिल्यांदा दिसलं, की मेंदू मोठ्याने बोलतो. कोण आहे, काय आहे, कुठून आलं. तेच चित्र परत आलं, की आवाज उतरतो. पुन्हा आलं, की कुजबुज. पुढे पुढे तर नुसता हुंकार. त्याला वाटतं, हे मला माहीत आहे, यावर कशाला शक्ती घालवू. मेंदू फार काटकसरी आहे. तुमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ तुम्ही शेवटचं केव्हा पाहिलंत? वेळ पाहिली असेल. घड्याळ नाही पाहिलं. ते काढून ठेवलं तर मात्र रिकाम्या खिळ्याकडे लगेच नजर जाईल.

आणि दुसरी गोष्ट त्याहून गमतीची. मेंदू नुसता बघत बसत नाही, तो पुढे धावतो. घरानंतर जिना, घरानंतर जिना असं काही वेळ दाखवलं, की घर दिसताच तो जिन्याची तयारी करून ठेवतो. जिना आला तर त्याला काही वाटत नाही. जिन्याच्या जागी खुर्ची आली, की आत केवढा गलका. म्हणजे माणूस जे समोर आहे त्यालाच उत्तर देतो असं नाही. आपण काय धरून बसलो होतो आणि काय मिळालं, यातल्या फरकाला तो उत्तर देतो. मला वाटतं, हे नवरा-बायकोंना कुणी लग्नाआधीच सांगायला हवं.

त्या खोलीत एक मुलगी आली. आधी माझ्याखाली बसायला आली, आणि तिच्या दाट केसांनी सगळ्यांचा घाम काढला. मग ती तिथेच शिकायला लागली, आणि मला दुसऱ्यांच्या डोक्यावर बसवायला लागली. तिचा हात हलका होता. ती बोलायची फार. जेवताना, जिने उतरताना, मला बेसिनमध्ये धुताना, एकच विषय. आपल्याकडे कितीतरी माणसं अंथरुणावर गप्प पडून आहेत. त्यांना बोलता येत नाही, हात उचलता येत नाही, म्हणून ती आत नाहीत असं धरून चाललंय. कुणी तरी दार वाजवून बघायला नको का?

पुढे विद्यापीठात नव्या टोप्या आल्या, जास्त कानांच्या, बिनवायरच्या. मी कचऱ्याच्या पेटीत जाणार होते. तिने मला मागून घेतलं. विमानतळावर तपासणाऱ्या माणसाने सामानातून मला दोन बोटांत धरून वर काढलं आणि हे काय म्हणून विचारलं. तिने मला सरळ डोक्यावर चढवलं. मागची सगळी रांग हसली. तोही हसला आणि जा म्हणाला. अशी मी तिच्या देशात आले.

आल्यावर लगेच काही ढोल वाजले नाहीत. ती एका पुनर्वसन रुग्णालयात डॉक्टर म्हणून लागली. मेंदूत रक्तस्राव झालेली, डोक्याला मार लागलेली माणसं तिथे यायची. एका मोठ्या उजेडाच्या दालनात त्यांच्याकडून सगळं पुन्हा गिरवून घेतलं जायचं: बसणं, गिळणं, मान धरणं. काम भरपूर आणि हात कमी. मला कोण विचारणार? मी एका स्टीलच्या कपाटात, पट्ट्यांच्या गुंडाळ्यांशेजारी पडून राहिले. दालनाच्या मुख्य सिस्टर कपाट उघडायच्या, मला बाजूला सारायच्या आणि म्हणायच्या, इथे माणसांना उशा पुरत नाहीत आणि ही टोपी घेऊन आली. मुलीचं नावच त्यांनी टोपीवाली ठेवलं. पुढे सगळे तेच म्हणू लागले. तिला राग यायचा नाही. तिला राग फक्त एकाच गोष्टीचा यायचा, मागच्या खोलीचा.

दालनात खाटा मोजक्या होत्या. दर महिन्याच्या शेवटी मोठे सर आणि बाकीचे एकत्र बसायचे आणि कोणात सुधारणा नाही ते ठरवायचे. ज्याच्यात नाही, तो मागच्या खोलीत. तिथे वाईट वागवत नसत. नळीने भरवायचे, कूस बदलायचे, स्वच्छ ठेवायचे. पण तिथे कुणी माणसाला ‘मान उचल’ असं म्हणत नसे. आणि ज्याला कुणी काही कर म्हणतच नाही, तो काय करणार? मागच्या खोलीतून पुन्हा दालनात आलेलं माणूस कुणाच्या आठवणीत नव्हतं.

दालनाच्या खिडकीजवळच्या खाटेवर दुर्बीणबाई होत्या. हे टोपणनाव त्यांना कारखान्यात मिळालेलं. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात त्या तपासणीवर होत्या. पांढऱ्या उजेडासमोरून सरकत्या पट्ट्यावर बाटल्या जायच्या, आणि ज्या बाटलीला तडा, बुडबुडा, वाकडी मान असेल ती त्या हात घालून उचलायच्या. एक दिवस कामावरच खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. आता डोळे उघडे असायचे. पण ते डोळे कुणाकडे आहेत हे कळायचं नाही.

त्यांचे यजमान रोज दुपारी यायचे. छपरं बसवणारे मिस्त्री. उन्हाने रापलेला माणूस, डोक्याला लखलखीत टक्कल. खाटेशी बसायचे, पिशवीतून एक चौकटीतला फोटो काढायचे आणि बायकोच्या डोळ्यांसमोर धरायचे. समुद्राकाठी काढलेला कुटुंबाचा फोटो. त्यात बाई, लेक, बाईंची बहीण, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या; मिस्त्रीकाकांची टोपी मात्र त्यांच्या हातात. आयुष्यभर बायको सांगत राहिली, उन्हात छपरावर चढता, डोक्यावर काहीतरी घाला. आयुष्यभर त्यांनी घातलं नाही. फोटो धरून ते रोज तेच वाक्य बोलायचे: “अगं, बघ, आपण सगळे.”

सुरुवातीला फोटो दिसला की बाईंची नजर किंचित वळायची. काका खूश व्हायचे, सिस्टरना बोलवायचे. मग नजर कमी वळू लागली. मग वळेनाशी झाली. काका फोटो आणखी जवळ धरायचे, आणखी वेळ धरायचे. काही नाही.

लेक एका बेकरीत पहाटेच्या पाळीला होती. बाहीला पीठ लागलेलं तसंच घेऊन ती दुपारी यायची. ती स्पष्ट बोलणारी. बाबा, ती आपल्याला विसरत चाललीय, असं तिने एकदा खाटेशीच सांगितलं. आधी फोटो ओळखायची, आता तेवढंही नाही. आपण स्वतःला किती फसवायचं? काकांनी फोटो सदऱ्याच्या बाहीने पुसला आणि पिशवीत ठेवला.

महिनाअखेरीला मोठे सरही तेच म्हणाले. नजर आधी वळत होती, आता वळत नाही, म्हणजे घसरण आहे. पुढच्या बैठकीत दुर्बीणबाईंना मागच्या खोलीत हलवायचं. टोपीवाली उठून उभी राहिली आणि म्हणाली, तोपर्यंत मला बघू द्या. सर म्हणाले, बघा. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी फार वेळा आशा धरली होती आणि फार वेळा ती खाली ठेवली होती, इतकंच.

त्या दिवशी कपाटाचं दार उघडलं आणि मला बाजूला न सारता बाहेर काढलं गेलं. काकांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं.

“डॉक्टर, आयुष्यात पुष्कळांनी मला टोपी घातली,” ते म्हणाले. “निदान समोर आणून दाखवणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

टोपीवालीने बाईंच्या केसांत भांग पाडून पाडून माझा एकेक कान बसवला. तसं करताना ती त्यांना सगळं सांगत होती: मावशी, आता इथे गार लागेल, आता कानामागे. सिस्टर म्हणाल्या, भिंतीशी बोलतेय. मी मात्र ऐकलं. आत बाजार होता. लांबचा, धुक्यातला, पण बाजार.

पडद्यावर तो समुद्राकाठचा फोटो आला. एकदम लाट उठली. टोपीवाली यंत्राकडे झुकली. फोटो पुन्हा आला, लाट कमी. पुन्हा, आणखी कमी. पुन्हा पुन्हा दाखवत गेली, तशी यंत्रावरची रेघ सपाट होत गेली. मागे मोठे सर येऊन उभे होते. ते हळूच म्हणाले, विझत चाललंय. आणि निघून गेले.

टोपीवालीने मला बेसिनमध्ये धुवायला घेतलं. ती रडत नव्हती, पण पाणी उगाच फार सोडत होती. बेसिनवर ‘हात धुवा’ असं लिहिलेलं, साबणाचं चित्र असलेलं एक पत्र्याचं पान होतं. ती या रुग्णालयात आली तेव्हापासून ते तिथे आहे. त्या आठवड्यात भिंत रंगवली होती आणि रंगाऱ्याने ते परत लावताना उलटं लावलं होतं. तिने वर पाहिलं आणि दचकली. मग पाहतच राहिली. नळ चालू, मी तिच्या हातात निथळतेय, आणि ही उलट्या साबणाकडे बघतेय.

रोज या चित्रापुढे ती उभी राहिली होती आणि रोज तिने ते पाहिलं नव्हतं. विसरली होती म्हणून नाही. पाठ झालं होतं म्हणून.

मी तिला इतकी वर्षं हेच तर सांगत आले होते. पण त्या खाटेशी सगळ्यांना एकच हवं होतं. फोटो दिसला की मोठी लाट उठावी. ओळख म्हणजे दचकणं, प्रेम म्हणजे मोठा आवाज, असं त्यांनी धरलं होतं. आणि त्यांच्या भीतीत तीही तसंच धरून बसली. ज्याला अजिबात आठवण राहत नाही, त्याचा मेंदू दर वेळी सारखाच ओरडेल, कारण त्याला दर वेळी फोटो नवाच. आवाज उतरला, याचा अर्थ आत कुणीतरी आधीचं सांभाळून ठेवतंय. विझत नव्हतं काही. काकांचं रोजचं वाक्य बाईंना पाठ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने बाईंच्या घरचा फोटो पुन्हा पुन्हा दाखवताना मध्येच एका परक्या कुटुंबाचा समुद्रावरचा फोटो घातला. रेघ सपाट झाली होती, तिथे परके आले आणि लाट उसळली. घरचे परत आले, पुन्हा शांत. तिने लगेच सरांना बोलावून आणलं, हाताला धरून ओढत आणलं नाही इतकंच.

सरांनी पाहिलं. मग ते शांतपणे म्हणाले की फरक कळणं वेगळं आणि माणूस असणं वेगळं. तोच तोच आवाज चालू असताना दुसरा आला, तर झोपलेला मेंदूही दचकतो. डोळ्यापुढे चिलट आलं की पापणी मिटते, ती आपण मिटतो का?

“मला मेंदू नको, डॉक्टर,” ते म्हणाले. “बाई दाखवा.”

मला त्यांचा राग आला नाही. प्रश्न बरोबर होता. असं काहीतरी हवं होतं, की जे पाहून नुसता मेंदू दचकणार नाही. दचकेल ते फक्त मन लावून बसलेलं, पुढच्याची वाट पाहणारं माणूस. टोपीवाली काकांजवळ जाऊन बसली आणि मावशी दिवसभर काय करायच्या ते विचारत राहिली. काकांना कुणी बायकोविषयी इतकं विचारलंच नव्हतं. ते सुटलेच. घरी आली तरी पाण्याचा पेला उजेडात धरून बघायची म्हणाले. लग्न ठरवताना मलाही तसंच उजेडात धरून पाहिलं होतं म्हणाले. टक्कल तेव्हा नव्हतं, तो तडा नंतर गेला.

लेक हे ऐकत बाजूला उभी होती. दुसऱ्या दिवशी ती आईच्या मैत्रिणीकडून कारखान्यातल्या बाटल्यांचे फोटो घेऊन आली. मागे तोच पांढरा उजेड. एक बाटली चांगली, एक तडा गेलेली. तिचा यावर विश्वास नव्हता. आणलेत, करा काय करायचं ते, असं म्हणून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. बैठक दुसऱ्याच दिवशी होती.

मी पुन्हा बाईंच्या डोक्यावर चढले. टोपीवालीने त्यांच्या कानाशी सांगितलं, “मावशी, पट्टा सुरू होतोय. नीट बघा.”

चांगली बाटली. चांगली. चांगली. चौथी तड्याची. पुन्हा पहिल्यापासून. चांगली, चांगली, चांगली, तड्याची. सुरुवातीला चौथीला लाट उसळायची. चिलटाची पापणी, सर म्हणाले तशी. पण थोड्या वेळाने तीही उतरू लागली. चौथी फुटकीच येणार, हे आत कुणीतरी शिकत होतं. आणि मग मी जे ऐकलं ते सांगताना अजूनही माझ्या वायरी ताठ होतात. तिसरी बाटली गेली, पडदा रिकामा झाला, चौथी अजून आलेली नाही, आणि त्या रिकाम्या क्षणात आत काहीतरी हळूहळू वर चढत होतं. आवाज नव्हे. आवाजाच्या आधीचं. मी ते शेकडो डोक्यांत ऐकलं होतं, मला चुकणं शक्य नव्हतं. बाई वाट पाहत होत्या. हात हलता असता, तर तो पट्ट्याकडे निघाला असता.

टोपीवालीने तेव्हा कळ दाबली. चांगली, चांगली, चांगली. आणि चौथीही चांगली.

आता विचार करा. चारही बाटल्या अगदी एकसारख्या. नवीन काहीच नाही. नुसत्या डोळ्याला, नुसत्या पापणीला दचकायला काही कारणच नाही. पण त्या चौथ्या चांगल्या बाटलीला बाईंच्या डोक्यात अशी लाट उसळली, की माझे सगळे कान एका वेळी भरले. जरा उशिराने, सावकाश, रुंद, डोक्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अरे, तडा कुठे गेला? त्या लाटेला शब्द असते तर हेच असते. चांगल्या बाटलीला दचकणारं माणूस एकच, ज्याने फुटकी मनात धरून ठेवली आहे.

मागे उभं राहून बघणाऱ्या सरांनी खुर्ची ओढली आणि ते बसले. म्हणाले, परत. परत केलं. म्हणाले, आता उलटं शिकवा, आधी चारही चांगल्या दाखवत राहा आणि मग एकदम चौथी फुटकी. तसं केलं, बाई तेही शिकल्या. म्हणाले, मधला वेळ बदला. बदलला. ते जितकी वाट अडवत गेले, तितक्या बाई दुसरीकडून येत गेल्या. शेवटी सर उठले. खाटेच्या टोकाशी उभं राहून फाइलशी बोलायची त्यांची सवय होती. ते तिथून निघाले, उशीजवळ आले आणि वाकले.

“नमस्कार, बाई,” ते म्हणाले. “ओळख व्हायला उशीर झाला. तो माझ्याकडून झाला.”

सिस्टरनी चष्मा काढून पुसला आणि मग कुणीही न सांगता बाईंच्या मानेखाली दुसरी उशी आणून ठेवली.

मागची खोली रद्द झाली. आधी बाईंची, आणि नंतर, एकेकाला माझ्याखाली बसवून बघितल्यावर, आणखी काही जणांची. सगळेच जागे सापडले असं नाही. पण आता बैठकीत कुणी ‘विझलंय’ असं म्हणायच्या आधी टोपीवालीकडे बघतात.

लेकीचं काय झालं ते सांगायला हवं. ती खिडकीपासून आली, आईच्या खाटेशी बसली आणि बराच वेळ बाहीचं पीठ झटकत राहिली. मग म्हणाली, “आई, मी तुझ्यासमोर काय काय बोलले गं. तुझं भांड्यांचं कपाट देऊन टाकलं म्हणाले होते ना, ते नाही दिलं. आहे तिथेच आहे.” आणि मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने आईच्या हातावर डोकं टेकलं.

काकांना टोपीवालीने फोटो बंद करायला सांगितलं. मावशींना तो पाठ आहे, म्हणाली. त्यांना त्यांच्या अपेक्षेबाहेरचं काहीतरी दाखवा. काका विचारात पडले. हा रोजचाच माणूस, रोजचाच सदरा, रोजचंच वाक्य. अपेक्षेबाहेरचं तो कुठून आणणार? चार दिवस नुसते येऊन बसले. मग एका दुपारी ते दालनाबाहेरच थांबले आणि टोपीवालीला खुणेने बोलावलं. बाईंचा व्यायाम नुकताच संपला होता, मी धुऊन दांडीवर वाळत होते. काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

टोपीवालीने काही विचारलं नाही. तिने मला त्या गुळगुळीत टकलावर चढवलं, हनुवटीखालचा पट्टा लावला. मी इतक्या डोक्यांवर बसले, पण केसांचा अडथळा नसलेलं डोकं ते पहिलंच. परग्रहावरून आलेला एखादा म्हातारा पोहायला निघावा तसे काका दिसत होते, मागे वायरींची वेणी लोंबतेय. ते तसेच दालनातून चालत गेले आणि खाटेसमोर उभे राहिले. फोटोतल्यासारखे. फक्त टोपी हातात नाही, डोक्यावर.

“घातली बाई एकदाची,” ते म्हणाले.

बाईंची नजर वळली. वर गेली, माझ्यावर येऊन थांबली. मग ओठाचा एक कोपरा हलला. मग दुसरा. मग घशातून एक आवाज आला, गंजलेल्या बिजागरीसारखा, आणि तो वाढला, आणि सगळ्या दालनाला कळलं की दुर्बीणबाई हसतायत. पलीकडच्या खाटेवर मान धरायला शिकणारा माणूस मान धरून बघायला लागला.

मी त्या वेळी यंत्राला जोडलेली नव्हते. एकही लाट मोजली नाही. मोजायची गरजच उरली नव्हती, आणि एखाद्या टोपीला आयुष्यात याहून मोठा विजय मिळत असेल असं मला वाटत नाही.

आता माझं वय झालंय. कापड सैल पडलंय, दोन कान बदलले गेलेत. तरी दालनाशेजारी मला माझी स्वतःची खोली आहे, दाराला पाटी आहे, आणि टोपीवालीच्या हाताखाली दोन नव्या टोप्या शिकतायत.

मागच्या आठवड्यात बाई आल्या होत्या. काठी टेकत, लेकीचा दंड धरून. बोलणं अजून अडखळतं, एकेक शब्द शोधून काढावा लागतो. काकांच्या डोक्यावर चक्क कापडाची टोपी होती. बाईंनी मला हातात घेतलं, खिडकीकडे वळल्या आणि उजेडात धरलं. हळूहळू फिरवलं. माझे कान सरकत गेले, एक चांगला, दुसरा चांगला, तिसरा चांगला. मग त्यांचं बोट थांबलं. डाव्या बाजूच्या एका चकतीखालचा टाका उसवला होता. इतक्या जणांनी मला रोज हाताळलं, पाठ झाले होते मी सगळ्यांना. तो कुणाच्या डोळ्याला दिसला नव्हता.

“हा,” बाई म्हणाल्या. “तडा.”

टोपीवालीने तिथल्या तिथे सुई मागवली.

तर, जेल बसलं तुमचं. सुरू करण्याआधी एक मागणं आहे. तुमच्या घरी कुणी गप्प पडून असेल, आणि तुम्ही रोज तोच फोटो, तेच वाक्य घेऊन त्याच्यापुढे उभे राहत असाल, आणि एके दिवशी त्याचे डोळे वळेनासे झाले, तर पाठ फिरवू नका. तो विसरला असं धरू नका. कदाचित तुम्ही त्याला पाठ झाला असाल. उद्या टोपी घालून जा.

चला, समोर पाहा. पहिलं चित्र येतंय. मी ऐकतेय.